तुम्ही विचारलंत म्हणून: दोन ब्लूटूथ स्पीकर आणि एक सम

मिरजेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बिल देऊन उठता उठता गिऱ्हाईक हमखास एक प्रश्न विचारतं: "घरी दोन ब्लूटूथ स्पीकर आहेत. दोन्ही एकदम डेस्कटॉपला लागतील का?" दुकानात गर्दी असली की मी "लागतील, पण..." एवढंच म्हणतो आणि ते 'पण' तसंच राहून जातं. आज ते पुरं करतो.

प्रश्न पडतो तो मोबाइलमुळे. २०१७ साली सॅमसंगच्या गॅलक्सी एस८ मध्ये 'ड्युअल ऑडिओ' आलं, एका फोनवरून दोन स्पीकर वाजायला लागले. जे फोनला जमतं ते एवढ्या मोठ्या कॉम्प्युटरला जमायलाच हवं, असं वाटणं साहजिक आहे. आणि विंडोज फसवतंही. दोन्ही स्पीकर पेअर होतात, दोन्हींच्या नावाखाली 'कनेक्टेड' येतं, आवाज मात्र एकातूनच. मग माणूस दुसरा स्पीकर बिघडला म्हणून घेऊन येतो. त्याला काही झालेलं नसतं. ब्लूटूथवरून गाणी पाठवायची जी पद्धत बहुतेक स्पीकर अजून वापरतात, ती ए-टू-डी-पी, २००३ सालची आहे. एक देणारा आणि एक घेणारा, एवढाच विचार त्यात होता. त्यातून विंडोजही आवाज एका वेळी एकाच निवडलेल्या ठिकाणी सोडतं.

हे सगळं मला पाठ होतं. तरी त्यातली खरी अडचण कळली ती एका गाण्याच्या बाईंकडे.

जुना वाडा, माडीवर क्लास. पंधरा-वीस मुलं, सतरंजी, कोपऱ्यात गवसणीतली तानपुऱ्यांची जोडी. रोज तबलजी मिळत नाही म्हणून बाई कॉम्प्युटरवर तानपुरा आणि ठेका लावून शिकवायच्या. एक स्पीकर मुलानं पुण्याहून आणलेला, दुसरा शिष्यांनी गुरुपौर्णिमेला दिलेला. कंपन्या वेगळ्या, आकारही वेगळे. एकच लावला तर मागच्या रांगेला ठेका ऐकू जायचा नाही, आवाज वाढवला तर पुढच्या मुलांचे गळे त्याखाली दबायचे. बाईंना एक पुढे आणि एक मागे हवा होता.

पहिल्या दिवशी तर एकसुद्धा नीट वाजेना. दर दोन मिनिटांनी आवाज तुटत होता. कॅबिनेट फिरवून मागं पाहिलं तर अँटेनाचे दोन्ही सोनेरी स्क्रू उघडे. "बाई, मदरबोर्डाचा खोका ठेवलाय का?" माळ्यावरून खोका आला. त्यात दोन्ही अँटेना, प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा न फोडलेली. असं मी कितीतरी घरांत पाहतो. अँटेना वायफायची, आमचं इंटरनेट तर केबलनं येतं, मग ती लावायची कशाला, असा हिशेब असतो. पण ब्लूटूथही त्याच अँटेनांतून चालतं. त्या नसतील तर पत्र्याच्या डब्यात बसून हाक मारल्यासारखं होतं.

ज्यांच्या बोर्डात ब्लूटूथ नाही ते डोंगल लावतात आणि तो नेमका मागच्या निळ्या यूएसबी ३.० पोर्टात खुपसतात. त्या पोर्टांतून २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात रेडिओचा गोंगाट होतो, हे इंटेलनं २०१२ साली स्वतःच लिहून ठेवलंय, आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात चालतं. यूएसबीची हातभर एक्स्टेंशन केबल घ्या आणि डोंगल टेबलावर आणा. आवाज तुटतो म्हणून आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं काम तेवढ्यानंच होतं.

अँटेना लावल्या, आवाज स्थिर झाला, आणि मी मूळ कामाला लागलो. विंडोजमध्ये 'स्टिरिओ मिक्स' नावाची जुनी सोय बऱ्याच कॉम्प्युटरांवर सापडते. साउंडच्या खिडकीत रेकॉर्डिंगमध्ये ती चालू करायची आणि 'लिसन' मध्ये दुसरा स्पीकर निवडायचा. पण बोर्डावरचं साउंड कार्ड जे वाजवतं तेच ती उचलते. एक स्पीकर वायरचा आणि एक ब्लूटूथ असेल तर उपयोग. बाईंकडे दोन्ही ब्लूटूथ, म्हणून मी व्हॉइसमीटर बनाना टाकलं. हा प्रोग्राम कॉम्प्युटरचा सगळा आवाज आधी स्वतःकडे घेतो आणि एकाहून जास्त ठिकाणी सोडतो. त्याच्या ए-वन आउटपुटवर एक स्पीकर, ए-टू वर दुसरा.

तानपुरा लावला. माडी भरून गेली. बाईंनी डोळे मिटले, मुलं सावरून बसली आणि मला वाटलं, झालं काम.

मग बाईंनी तीनताल लावला आणि पहिल्याच आवर्तनात हात वर केला. "थांबव. अरे, सम दोनदा येतेय."

सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा. ती खरंच दोनदा येत होती. पुढून 'धा', आणि मागून त्याची सावली पडावी तसा आणखी एक 'धा'. तानपुऱ्यात हे कळलंच नव्हतं. तानपुऱ्याचा आवाज अखंड, तारांचा झणकार एकमेकांत मिसळलेला, थोडा मागेपुढे झाला तरी कान तक्रार करत नाही. तबल्याचा बोल म्हणजे खिळ्यावर बसलेला ठोका. तो एक तर वेळेवर असतो किंवा नसतो.

कारण सांगतो. ब्लूटूथ स्पीकर आलेला आवाज लगेच वाजवत नाही. तो आधी थोडा साठवतो, उलगडतो आणि मग वाजवतो. त्यात साधारण १०० ते २०० मिलिसेकंद जातात, आणि किती जातात ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं. एकच स्पीकर असेल तर त्याचं काही वाटत नाही, सगळंच सारखं उशिरा. दोन निरनिराळे असले की त्यांच्यातला फरक कानावर येतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे दोघांत १०० मिलिसेकंदांचा फरक पडला तर एक स्पीकर माडीवर आणि दुसरा चौतीस मीटरवर, पार गल्लीच्या तोंडाशी ठेवल्यासारखं. मध्य लयीत मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. तिच्या पाचव्या हिश्शाएवढी चूक बाईंच्या कानातून कशी सुटणार?

कान थोडंफार चालवून घेतो. हेल्मुट हास यांनी जर्मनीत १९४९ च्या प्रबंधात दाखवलं की तोच आवाज दुसऱ्या बाजूनं थोडा उशिरा आला तर कान दोन्ही मिळून एकच समजतो. बोलण्याच्या बाबतीत तीसेक मिलिसेकंदांपर्यंत हे चालतं. टकटकीसारख्या आखूड आवाजाला मात्र पाच-दहाच्या पुढं सवलत नाही. म्हणून बातम्या ऐकणाऱ्या आजोबांना जे दोन स्पीकर झकास वाटतात, तेच तबला वाजवणाऱ्या नातवाला असह्य होतात. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात.

मी हरलो नाही. व्हॉइसमीटरमध्ये प्रत्येक आउटपुट ठरावीक मिलिसेकंदांनी मागं सरकवता येतं. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टकटक करणारा प्रोग्राम, लावला, दोन्ही स्पीकर शेजारी शेजारी ठेवले आणि लवकर वाजणाऱ्याला थोडं थोडं मागं ओढत गेलो. टक-टक, टकटक, ट्टक, टक. जुळलं! बाईंनी मान डोलावली. चहा झाला, मी परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "पुन्हा दोन येतायत."

स्पीकर बंद करून चालू केला की त्याचा साठा नव्यानं भरतो, आणि दर वेळी तो तेवढाच भरेल असं नाही. काल जुळवलेले आकडे आज लागू पडत नाहीत. रोज क्लासच्या आधी बाईंनी मेट्रोनोम लावून मिलिसेकंद मोजत बसायचं का? हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. त्या रागावल्या नाहीत. कोपऱ्यातल्या तानपुऱ्यांकडे बोट करून एवढंच म्हणाल्या, "ही जोडी घेतली तेव्हा सतारमेकर गल्लीत मी दुसरा तानपुरा वेगळ्या कारागिराकडून घेणार होते. थोडा स्वस्त पडत होता. म्हातारे कारागीर म्हणाले, जोडी एका हाताची घ्या, नाहीतर जन्मभर जुळवत बसाल."

तेव्हापासून विचारणाऱ्याला मी हेच सांगतो: दोन्ही स्पीकर एकाच मॉडेलचे घ्या, आणि खोक्यावर टीडब्ल्यूएस (ट्रू वायरलेस स्टिरिओ) किंवा स्टिरिओ पेअर लिहिलंय का ते बघा. अशा जोडीत कॉम्प्युटरला एकच स्पीकर दिसतो. तो आपल्या जोडीदाराला आवाज पोचवतो आणि कधी वाजायचं ते दोघं आपसांत ठरवतात. विंडोजचा त्यात संबंधच येत नाही. नुसती एक कंपनी असून भागत नाही. जेबीएलच्या फ्लिप ४ मध्ये कनेक्ट प्लस आहे आणि फ्लिप ५ मध्ये पार्टीबूस्ट, ते दोन एकमेकांशी जुळत नाहीत.

जोडताना क्रम सांभाळा. विंडोजमधून दोन्ही स्पीकरची जुनी नोंद काढून टाका, घरातल्या मोबाइलांमधूनही काढा, नाहीतर जोडीदार मध्येच उठून फोनकडे जातो. आधी स्पीकर एकमेकांना जोडा, मग त्यातला एकच कॉम्प्युटरला. आणि ते जमिनीवर ठेवू नका. माणसाचं शरीर हे रेडिओलहरी शोषून घेतं. रिकाम्या माडीवर छान चालणारी जोडी मुलं मध्ये येऊन बसली की तुटायला लागते. बाईंकडे एक कपाटावर आणि एक खिडकीच्या फळीवर ठेवला तेव्हा कुठं ते थांबलं.

मॅकवाल्यांचं थोडं सोपं आहे. ऑडिओ मिडी सेटअपमध्ये 'मल्टी-आउटपुट डिव्हाइस' करता येतं आणि दोन्ही स्पीकर त्यात घालता येतात. फक्त कीबोर्डवरून आवाज कमी-जास्त होत नाही, स्पीकरवरच करावा लागतो. लिनक्सवर तशीच 'कंबाइन सिंक' नावाची सोय आहे. पण निरनिराळ्या मॉडेलांमधला फरक तिथंही उरतो.

ऑनलाइन क्लास घेणाऱ्यांना एक विनंती. स्पीकरमध्ये माइक असतो आणि मीटिंग सुरू झाली की कॉम्प्युटर तोच धरतो. मग ब्लूटूथ फोनवर बोलायच्या पद्धतीत शिरतं आणि गाणं डब्यात बसल्यासारखं, मोनो, चपटं ऐकू येतं. स्पीकर बिघडला असं वाटतं. माइक वेगळा निवडा, आवाज परत येतो.

एलई ऑडिओ नावाची नवी पद्धत २०२० साली जाहीर झाली. तिच्यात एका ठिकाणाहून अनेकांना जुळवून आवाज पाठवायची सोय मुळातच आहे. विंडोज ११ मध्ये ती आली आहे, पण कॉम्प्युटरचं ब्लूटूथ आणि स्पीकर दोन्हींत ती असावी लागते. तुमच्या घरातल्या जुन्या स्पीकरमध्ये ती नंतर येईल या आशेवर थांबू नका.

आणि स्पीकर हलवायचेच नसतील, डेस्कटॉपच्या दोन बाजूंना कायम राहणार असतील, तर वायरचे घ्या. किंवा दोन्हींना ऑक्सचं भोक असेल तर एक वाय-स्प्लिटर आणि दोन केबली, बस्स. माझ्या टेबलावर वायरचेच आहेत.

तर विचारायला जरूर या. येताना स्पीकर आणायची गरज नाही, दोन्हींच्या तळाला मॉडेल नंबर छापलेला असतो, त्याचा फोटो आणा. कॅबिनेटच्या पाठीचाही एक आणा. आणि मदरबोर्डाचा खोका माळ्यावर असेल तर निघायच्या आधी उघडून बघा.