पातेल्यावर दिलेली लेन्स

"काका, जुना कॅमेरा विकून टाकू का? तुम्ही तुमचा विकलात, त्याचं वाईट वाटतं का?"

हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. विचारणाऱ्याच्या कपाटात दोन-तीन लेन्स असतात, डोळा नव्या मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) असतो आणि मी "विक" म्हणावं अशी त्याची मनातून इच्छा असते. एरवी मी "बघ बाबा, तुझं तू" म्हणून सुटतो. पण यंदा अनंत चतुर्दशीला गिरगावात, ठाकूरद्वारच्या नाक्यावर, ढोलताशांच्या गदारोळात, एकाने कानाशी येऊन हेच विचारलं. तिथे काय उत्तर देणार? म्हणून आता निवांत सांगतो. तुम्ही विचारलंत म्हणून.

मी विकलं ते असं : निकॉनची एफएम-टू बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा), ५० मिलिमीटरची लेन्स आणि १०५ मिलिमीटरची एफ २.५. साल २००९, दिवाळीच्या आधीचा शनिवार. दुकान फोर्टातलं. नाव सांगत नाही, कारण त्या माणसाने मला फसवलं नाही. हा मुद्दा पुढे येईल.

एफएम-टू हा १९८२ साली आलेला कॅमेरा. शटर संपूर्ण यांत्रिक, तरी वेग सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत. दोन बटणसेल लागत, तेही फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरसाठी; ते संपले तरी अंदाजाने फोटो निघतच. मी तो एक्याण्णव साली पतपेढीचं कर्ज काढून सेकंडहँड घेतला. लोक त्याच्याबद्दल फार हळवे होऊन बोलतात, मी होत नाही. मी डाव्या डोळ्याने बघतो, आणि त्या कॅमेऱ्याची रोल पुढे सरकवायची दांडी थोडी बाहेर ओढल्याशिवाय शटर दबत नाही. ती दांडी अठरा वर्षं माझ्या चष्म्याच्या उजव्या काचेवर आपटत होती. रोल मी चाळीतच धुवायचो. रात्री दिवे घालवून, डोक्यावरून गोधडी घेऊन रोल टाकीत भरायचा आणि मग मोरीत बसायचं. सकाळी नळाला पाणी यायच्या आत हायपोचा, म्हणजे फिल्म धुवायच्या रसायनाचा, वास गेला नाही, तर शेजारच्या काकू दिवसभर ऐकवत.

१०५ची गोष्ट मात्र वेगळी. स्टीव्ह मकरी या छायाचित्रकाराने १९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढला, जून १९८५च्या 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या मुखपृष्ठावर आला तो, एफएम-टू आणि हीच लेन्स वापरून. म्हणजे जोडी आमच्याकडे तीच होती. समोर मात्र गिरगावातल्या आमच्या मुगभाटातली मंडळी होती. १०५वर चेहरा फार छान येतो : नाक मोठं दिसत नाही आणि मागची वाळत घातलेली धुणी धुरकट होऊन जातात. त्यामुळे चाळीतल्या मुलामुलींचे स्थळांना पाठवायचे फोटो माझ्याकडे आले. गॅलरीच्या टोकाला, साडेचारच्या उन्हात, मागे पांढरी चादर धरायला कुणाचा तरी धाकटा भाऊ. त्या लेन्सने अकरा लग्नं जमवली, असा माझ्या आईचा हिशोब आहे. त्यातलं एक मोडलं, ते ती धरत नाही.

तर त्या शनिवारी मी निकॉनचा डिजिटल कॅमेरा डी-९० बघायला गेलो होतो. दुकानदाराने माझी बॅग उघडली, १०५ उजेडाकडे धरली आणि म्हणाला, "साहेब, ही या बॉडीवर लागेल, पण मीटर चालणार नाही. ठेवून काय करणार?" हे शंभर टक्के खरं होतं. डी-९०ला या जुन्या लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत यायचं भोक किती उघडलंय ते, कळतच नाही. याच कंपनीच्या वरच्या डी-३००वर मात्र मीटर चालायचा. ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिन्ही वस्तूंचे मिळून चौदा हजार धरले. नव्या डब्याचं सील त्याने माझ्या हातून फोडवलं. मी चर्चगेटपर्यंत जवळजवळ उड्या मारतच गेलो.

इथे आईच्या शालूबद्दल सांगायला हवं. मी शाळेत असताना चाळीत एक बोहारीण यायची. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर जुन्या कपड्यांचं गाठोडं. दुपारी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात तिचा दरबार भरायचा. एकदा आईने आपला लग्नातला शालू तिला दिला. जागोजागी विरलेला होता, पण काठ खऱ्या जरीचा. त्यावर दोन शर्ट आणि बाबांची एक पँट अशी भर घालून आईने स्टीलचं मोठं पातेलं घेतलं. त्यावरून आम्ही भावंडांनी तिला पुढे कित्येक वर्षं छळलं. बोहारीण खोटं काहीच बोलली नव्हती. ती फक्त पातेल्याबद्दल बोलत राहिली : बूड किती जाड आहे, आत तोंड कसं दिसतं. शालूबद्दल ती एकच वाक्य बोलली, "विरलाय बाई."

"मीटर चालणार नाही, साहेब." चाल तीच.

मिळालेल्या किमतीचं दुःख मला नाही असं नाही. आम्ही विकलं तेव्हा फिल्मचं तेरावं घालायचीच काय ती बाकी होती. त्याच वर्षी कोडॅकने कोडाक्रोम ही आपली रंगीत फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं; २०१२च्या जानेवारीत खुद्द कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. मग वारं फिरलं. २०१८ साली एक्टाक्रोम फिल्म पुन्हा बाजारात आली, आणि त्याच वर्षी निकॉनचे झेड मालिकेतले मिररलेस आले. अडॅप्टर लावला की त्यांच्यावर १९७७नंतरच्या 'एआय' प्रकारच्या जुन्या लेन्स, म्हणजे माझ्या १०५सारख्या, मीटरसकट चालतात. फोकस जमला की कॅमेऱ्याच्या पडद्यावर कडा रंगीत होऊन दिसतात, त्यामुळे माझ्यासारख्या साठीकडे झुकलेल्या डोळ्यांनाही ती जुनी लेन्स पूर्वीपेक्षा सोपी जाते. सगळ्यात लागलं ते मधलंच. २०१६ साली मी तो डी-९० एक्स्चेंजमध्ये देऊन डी-७२०० घेतला. त्यावर माझी १०५ मीटरसकट चालली असती.

आता, विकलेल्या प्रत्येक वस्तूची खंत राहते का? नाही. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने यशिकाचा दोन भिंगांचा कॅमेरा, फ्लॅश, स्टँड, सगळं एका दमात विकलं. मुलीची इंजिनीअरिंगची फी भरायची होती. मी त्याला दोन-तीनदा खोदून विचारलं. त्याला तो कॅमेरा कितीला गेला तेही आठवत नाही; मुलीचे मार्क मात्र सेमिस्टरवार पाठ आहेत. नड होती, विकलं, नड भागली. माझी कसली नड होती? माझ्याकडे चालू कॅमेरा होता आणि मला दुसरा हवा होता.

उलट, न विकणं म्हणजे जपणं असंही समजू नका. निदान मुंबईत तरी नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या एकांनी वडिलांचा कॅमेरा "आठवण" म्हणून लोखंडी कपाटात ठेवला, तोही मूळच्या चामड्याच्या कव्हरात. चामडं दमट हवा धरून ठेवतं. सहा-सात पावसाळ्यांनी कव्हर उघडलं तर लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. ते फंगस. वरवरचं असेल तर कारागीर लेन्स खोलून पुसून देतो. पण बुरशीने काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर पुसून काही होत नाही. ठेवायचंच असेल तर कव्हर बाहेर काढा. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणारं सिलिका जेल घाला आणि निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर हलके भाजून पुन्हा वापरा. मुख्य म्हणजे महिन्यातून एकदा वस्तू बाहेर काढून दोन फोटो काढा. डब्यात ठेवून विसरायची असेल तर त्यापेक्षा विकलेली बरी. निदान कुणीतरी वापरेल.

२०२१ साली मी १०५ परत घेतली. माझी नव्हे, तशीच दुसरी, ठाण्याच्या एका गृहस्थांकडून. तेरा हजार पडले, म्हणजे तिन्ही वस्तूंचे मिळून आले होते जवळजवळ तेवढेच. लेन्सची खंत त्या दिवशी मिटली, अगदी मनापासून सांगतो. दुसरीच आहे म्हणून काही कमी वाटत नाही; काच ती काच. एफएम-टूचीही हौस फेडून घेतली. मित्राचा आणला, दोन रोल काढले. रोल, धुणं आणि स्कॅन यांचा खर्च बघून तिसऱ्या आठवड्यात साभार परत. दांडी अजूनही चष्म्यावरच आपटते.

लेन्स घेऊन घरी आलो तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. तिने खोका बघितला.

"परत तीच?"

"तीच."

"कितीला?"

सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. गॅस बारीक केला, दुधावर झाकण ठेवलं.

"माझं पातेलं हे बघ, अजून आहे," ती म्हणाली. "तुझा तो नव्वद कुठाय?"

तेव्हा नाक्यावर विचारणाऱ्या त्या मुलाला माझं उत्तर असं. फी भरायची असेल, घरात आजारपण असेल, तर उद्याच विक आणि मागे वळून बघू नकोस. नवा घेण्यासाठी देत असशील तर बॉडी खुशाल दे. डिजिटल बॉडीचा भाव दर वर्षी उतरतोच. लेन्स मात्र त्या सौद्यात घालू नकोस, तिचा भाव वेगळा विचार. आणि दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचार : "ही कुठल्या बॉडीवर चालते?" कुठल्या बॉडीवर चालत नाही ते तो आपणहून सांगेलच.

लेन्समध्ये फंगस आहे का, हे घरी कळत नसेल तर रविवारी सकाळी ये. मागच्या बाजूने टॉर्च मारून बघावं लागतं. टॉर्च माझ्याकडे आहे.