तानपुऱ्यावर कोण होतं?

मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरसाला रात्रभर गाणं चालतं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, त्यांची कबर याच आवारात. सांगलीच्या दैनिकासाठी ही सभा मी लिहितो. यंदा बातमीच्या आडून मी एका माणसाचा माग काढत होतो.

ती तानपुऱ्याला बसायची. आमचं लग्नापर्यंत आलेलं मोडलं आणि ती सांगली सोडून गेली. फोन बदलला. मैत्रिणींनाही पत्ता नाही. मी कार्यालयातल्या जुन्या फायली उपसल्या. फोटोंत ती आहे, गायकाच्या खांद्यामागे, डावीकडे. फोटोखालच्या ओळीत मात्र नावं तबला आणि पेटीपाशी संपतात. आम्ही लिहितोच तसं: गायक, तबला, संवादिनी, शेवटी तानपुरा. जागा कमी पडली की डेस्कवाले खालून कापतात. म्हणजे पहिला बळी तिचाच. इतकी वर्षं मैफली केलेल्या बाईचा छापील पुरावा शून्य, याची मला भयंकर चीड आली.

कागदाने हात टेकले, म्हणून दुसऱ्या दिवशी सतारमेकर गल्लीत गेलो. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा इथे कॅमेऱ्यांची रीघ लागली होती. कारागिराच्या हाताकडे नीट बघणारे त्यात थोडेच. जवारी काढणं म्हणजे घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीने इतका हळू घासायचा की तार त्याला जेमतेम चाटून जावी. मग तारेखाली सुती दोरा सरकवायचा. केसभर पुढे-मागे झाला तरी आवाज बसतो. नेमक्या जागी आला की एका तारेतून सुरांचा झरा फुटतो. तिथले कारागीर चाचा डोळे मिटून दोरा सरकवत होते, मी तासभर हललो नाही.

भिंतीला एक बायकी तानपुरा टेकवलेला. भोपळ्यावर, गळ्याच्या खाली, तिरकी चीर, सरसाने सांधून वर पॉलिश मारलेली. ती चीर पंढरपूरच्या एसटीत पडली तेव्हा मी शेजारच्या सीटवर होतो.

"हा कोणाचा, चाचा?"

"एक बाई आहेत. शाळेत गाणं शिकवतात. दिवाळीनंतर स्वतः न्यायला येतील."

"वहीत पत्ता असेल ना?"

त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. "आहे. तुम्ही पेपरवाले, बातमीसाठी विचारलं असतं तर फोन लावून त्यांना विचारलं असतं. पण तुमचा चेहरा बातमीचा नाही. पत्ता गिऱ्हाइकाचा आहे, साहेब." मग त्यांनी घोडी दाखवली. जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन, तारांखाली ताज्या, खोल खाचा. "रोज तास-दोन तास वाजल्याशिवाय हे होत नाही. खुशाल आहेत त्या."

मला तेवढं पुरायला हवं होतं. पुरत नाही.

संध्याकाळी बातमी पाठवली. तानपुऱ्यावरच्या दोन्ही मुलींची नावं पहिल्याच वाक्यात घातली, गायकाच्या नावाला चिकटवून, कापायला जागाच उरणार नाही अशी. चाचांकडे चिठ्ठी ठेवायची का, आणि तीत काय लिहायचं, हे दिवाळीपर्यंत ठरवायचं आहे. पत्ता लपवणाऱ्या बाईला चिठ्ठी तरी कोणत्या हक्काने लिहायची, इथेच गाडी अडते.