हिरवा डाग

डिसेंबरातला बुधवार, सकाळचे साडेनऊ. सिंहगड रस्त्यावरच्या एका सात मजली सोसायटीतून आम्हा पक्षी वाचवणाऱ्यांना फोन आला. "डक्टमध्ये गिधाडाचं पिल्लू पडलंय. पांढरं आहे, तोंड माकडासारखं, जवळ गेलं की कुकरसारखं फुसफुसतंय." डक्ट म्हणजे इमारतीतली पाइपांची उभी पोकळी. पुण्यातल्या डक्टमध्ये गिधाड कुठून येणार? पांढरं, माकडतोंडं आणि फुसफुसणारं, हे वर्णन एका दमात आलं की ते गव्हाणी घुबडाचं पिल्लू असतं.

निघायच्या आधी फोनवरच चार गोष्टी सांगितल्या. दूध नको, पाव नको आणि चोचीत पाणी तर अजिबात नको. श्वासनळीचं तोंड घुबडाच्या जिभेच्या मुळाशीच उघडं असतं. बाटलीच्या झाकणाने ओतलेलं पाणी सरळ फुफ्फुसात जातं. मिक्सर येतो तेवढं पुठ्ठ्याचं खोकं घ्या, पेन्सिलच्या जाडीची भोकं पक्षी आत ठेवायच्या आधी पाडा. तळाला जुनी सुती चादर घाला. टॉवेल घालू नका, त्याच्या फासांत नख्या अडकतात. झाकण बंद, पंखा बंद, मुलं लांब. मग वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवलं, वनरक्षकांना पत्ता दिला आणि निघालो.

पोहोचलो तेव्हा खोक्याचं झाकण उघडंच होतं आणि भोवती सहा मोबाइल. पिल्लू पाठीवर उताणं पडून दोन्ही पंजे वर रोखून होतं. घाबरलेलं घुबड असंच करतं, त्यावरून ते मरायला टेकलंय असं समजू नये. धरताना पंजे आधी, बाकी सगळं नंतर. चोचीचा टकटक आवाज नुसता धाक घालायला असतो. रक्त काढतात त्या नख्या. अंगावर फडकं टाकायचं, फडक्यावरूनच दोन्ही पाय बोटांच्या वर एका मुठीत घ्यायचे आणि पंख अंगाशी दाबून उचलायचं.

वजन २३२ ग्रॅम. अंगावर दाट दुसरी लव, चेहऱ्याची बदामाकृती तबकडी स्पष्ट, पंखाच्या कडेला पिसांच्या निळसर नळ्या नुकत्याच फुटायला लागलेल्या. म्हणजे साधारण चार आठवड्यांचं. घुबडाला कबुतरासारखी गळ्यात अन्नाची पिशवी नसते, त्यामुळे पोट भरलंय की नाही हे गळा चाचपून कळत नाही. छातीच्या मधल्या हाडावर बोट फिरवायचं. इथे ते हाड सुरीच्या पाठीसारखं हाताला लागलं. तोंडातली लाळ चिकट होऊन बोटाला तार आली. पिल्लू उपाशीही होतं आणि कोरडंही पडलं होतं.

उंचावरून पडलेल्या घुबडाचे कान बघायचेच. चेहऱ्याच्या तबकडीची कड बोटाने हलकेच पुढे सारली की पिसांखाली उभी मोठी फट दिसते. डावी आणि उजवी एका पातळीवर नसतात, अंधारात उंदीर नेमका हेरण्याची निम्मी करामत तिथेच आहे. त्या फटीतून आत बॅटरी मारली की डोळ्याच्या गोळ्याची बाजू चक्क दिसते. पहिल्यांदा बघणारा दचकतोच. आत रक्त असेल तर डोक्याला मार समजायचा. इथे दोन्ही कान स्वच्छ होते, दोन्ही डोळे पेन-टॉर्चला आकसत होते. पंखांची आणि पायांची हाडं चाचपली, मोडलेल्या हाडाची करकर कुठे नाही.

मग उजवा पंख पसरला. मनगटाच्या सांध्याखाली रुपयाएवढा डाग, पोपटी हिरवा. बघणाऱ्यांपैकी एक जण म्हणाले, "सडलं वाटतं." सडलेलं नव्हतं. पक्ष्यांना मुका मार लागला की साकळलेल्या रक्तातून हिरवं रंगद्रव्य तयार होतं. माणसाच्या अंगात ते पुढे पिवळं होतं, पक्ष्यांमध्ये तो पुढचा टप्पाच नाही, म्हणून डाग हिरवा राहतो. आणि हा रंग चढायला दोन-तीन दिवस लागतात.

सोसायटीचं म्हणणं होतं, पिल्लू आज सकाळी पडलं. डाग सांगत होता, परवा.

परवा, म्हणजे सोमवारी, इथे काय काम झालं असं विचारल्यावर सगळं उलगडलं. कबुतरांच्या त्रासाला कंटाळून सोसायटीने गच्चीवर सगळ्या डक्टच्या तोंडांवर नायलॉनची जाळी मारून घेतली होती. पिल्लू बहुधा त्याच गडबडीत बिचकून खाली आलं, आणि तळाशी पडलेल्या जाळीच्या तुकड्यांच्या ढिगामुळे वाचलं. रात्रपाळीचे वॉचमन काका तेवढ्यात म्हणाले, "साहेब, दोन रात्री गच्चीवर कुणीतरी बाई किंचाळतीय. मी वर गेलोच नाही." ती बाई म्हणजे आई-बाप दोघंही असणार. भक्ष्य पंजात, पिल्लांचा आवाज खालून येतोय आणि मधे जाळी.

म्हणजे पिल्लं आणखी होती. पाचव्या मजल्यावरच्या बाथरूमच्या खिडकीतून काठीला मोबाइल बांधून डक्टमध्ये घातला. पाइपांच्या मागच्या छज्ज्यावर तीन. सगळ्यात मोठं पाच आठवड्यांचं असेल, धाकटं खालच्याच्या बरोबरीचं. गव्हाणी घुबड दोन-तीन दिवसांच्या अंतराने अंडी घालतं आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसतं, म्हणून पिल्लं जिन्याच्या पायऱ्यांसारखी असतात. उपासमार झाली की पहिला फटका धाकट्याला.

खालच्या पिल्लावर पशुवैद्यांनी उपचार केले. क्रम ठरलेला: आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. थंडगार पिल्लाच्या पोटात अन्न गेलं तर ते पचत नाही, कुजतं. अर्धा तास कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवलं, मग कोमट सलाइन कातडीखाली, किलोला ५० मिलीच्या हिशेबाने साधारण साडेअकरा मिली. दोन तासांनी पांढऱ्या उंदराचे तुकडे, पण केस आणि हाडं काढून. एरवी हाडं-केस हवेतच. नुसतं बोनलेस चिकन चार-सहा दिवस चारलं तर कॅल्शियमअभावी पाय वाकतात, आणि प्रेमाने पाळलेली अशी वाकडी पिल्लं आमच्याकडे दर वर्षी येतात. पण दोन दिवसांच्या उपाशी, कोरड्या पोटाला न पचलेल्या केसांची गुठळी ओकून बाहेर टाकायची ताकद नसते.

वरच्या तिघांनाही तसेच तुकडे लांब चिमट्याने दिले, पण अर्धपोटीच. पोट भरलेलं पिल्लू ओरडत नाही, आणि आई-बापांना बोलावणारं दुसरं काही आपल्याकडे नसतं.

दुपारी सोसायटीची बैठक. एका आजींच्या मते घुबड अपशकुनी, दुसऱ्या म्हणाल्या लक्ष्मीचं वाहन आहे, हाकलू नका. दोन्ही मतं ऐकली आणि जाळीवर आलो. अडचण वेगळीच होती: "तुम्ही उघडलंत की कबुतरं परत येणार." येणार, खोटं कशाला सांगायचं? गव्हाणी घुबड उंदीर-चिचुंद्र्यांवर जगतं, कबुतरांचा बंदोबस्त करत नाही. शेवटी एकाच डक्टचा एक कोपरा उघडायचं ठरलं, मीटरभर लांब-रुंद. जाळी नुसती कापून सोडली तर लोंबते धागे पंखाला सुरीसारखे लागतात. म्हणून कापलेला भाग मागे दुमडून दर बोटभर अंतरावर केबल-टायने आवळला. दुसरी अट उंदरांच्या औषधाची. पार्किंगमध्ये ब्रोमॅडिओलोनच्या वड्या ठेवल्या होत्या. त्या खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस सुस्त फिरतो आणि घुबडाला आयता सापडतो. मग घुबडाच्याही रक्ताची गुठळी होत नाही. वड्या उचलल्या, दोन महिने पिंजरेच लावायचे असं लिहून घेतलं.

माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकून देते, ही भीती तिघांनी बोलून दाखवली. तसं होत नाही. संध्याकाळी साडेसहाला चौथं पिल्लू खिडकीतून छज्ज्यावर, घुबडांनी ओकलेल्या जुन्या गुठळ्यांच्या थरावरच ठेवलं. तो थर झाडून काढू नये. घरटं म्हणतात ते हेच.

मग गच्चीच्या दुसऱ्या टोकाला टाकीआड बसलो. सव्वासातला कठड्यावर पांढरं काहीतरी उतरलं, आणि त्याच क्षणी दिवा लागला. हालचालीवर पेटणारा सेन्सर! घुबड उडालं. आठला तेच, पावणेनऊला तेच. पहिल्यांदा वाटलं आपल्यामुळे बिचकतंय, म्हणून जिन्यात सरकलो. दिव्याकडे लक्ष जायला आणखी एक फेरी फुकट गेली. हा गाढवपणा आमचा. अंधार पडायच्या आधी दिवे तपासायला हवे होते. वॉचमन काकांनी फ्यूज काढला.

११ वाजून ४० मिनिटांनी ते आलं. कठड्यावर बसलं, मान खाली करून डक्टात बघितलं, चोचीत उंदीर. उघड्या कोपऱ्यापर्यंत चालत गेलं, कबुतरासारखं नाही, गुडघे वाकवत, डुलत. आणि आत उतरलं. खालून चार कुकर एकदम सुटल्यासारखा आवाज. पहाटे साडेपाचपर्यंत आठ फेऱ्या मोजल्या, दोन पक्ष्यांच्या मिळून.

सकाळी काठीला मोबाइल बांधून पुन्हा बघितलं. चारही पिल्लं, आणि धाकट्याच्या तोंडातून उंदराची शेपटी बाहेर.

जाळीवाला दहाला आला. कोपरा कधी बंद करायचा, एवढंच त्याला हवं होतं. पिल्लं साधारण आठव्या-नवव्या आठवड्यात उडतात, नंतरही काही दिवस दिवसा झोपायला परत येतात. छज्जा सलग पंधरा दिवस रिकामा दिसला की, तोही दुपारी नीट बघून, असं सांगितलं. त्याने डायरीत "फेब्रुवारी अखेर, आधी फोन" असं लिहिलं आणि विचारलं, "बी विंगच्या डक्टमध्येही असाच आवाज येतो, ते पण हेच का?"

काठी घेऊन बी विंगकडे निघालो.