झिजलेलं चाक आणि डँपरचं रबर

गाडी कोणत्या वेगाला डोलू लागते हे पाहायला म्युनिकमध्ये तिचं संगणकावर मॉडेल करायला घेतलं की पहिला प्रश्न असतो: चाक किती झिजलंय? पुण्याहून या कामासाठी येणाऱ्यांनी हा प्रश्न मनात धरूनच यावं.

चाक किंचित शंकूसारखं उतरतं असतं. चाकजोडी, म्हणजे एकाच आसावर घट्ट बसवलेली दोन चाकं, एका बाजूला सरकली की तिथलं चाक मोठ्या व्यासावर चालतं, जोडी वळून परत येते आणि पलीकडे जाते. ही लाटेसारखी नागमोडी चाल म्हणजेच हंटिंग. फ्रान्समध्ये १९५५ साली ताशी ३३१ किमीच्या विक्रमी धावेत याच आडव्या जोरांनी रूळ वाकडे झाले होते. या लाटेच्या लांबीचं सूत्र जर्मन अभियंता क्लिंगेल यांनी १८८३ मध्येच मांडली. डेक्कन क्वीनला आता एलएचबी, म्हणजे जर्मन बनावटीवर आधारलेले डबे आहेत. त्यांचं नवं चाक ९१५ मिमी व्यासाचं. आपल्या १६७६ मिमी गेजवर (दोन रुळांमधलं अंतर) आणि १:२० उतारावर लाट येते सुमारे १८ मीटर. झिजून उतार १:४ इतका झाला तर ८ मीटर. म्हणजे ताशी १३० किमीला सेकंदाला दोनदा डोलणारी जोडी साडेचार वेळा डोलते. बोगीत, म्हणजे डब्याखालच्या चाकजोड्यांच्या चौकटीत, बसवल्यावर लाट याहून लांबते, पण कल तोच राहतो.

म्हणून चाक आणि रूळ, दोन्हींची प्रोफाइल, म्हणजे छेदाचा आकार, मोजून मॉडेलमध्ये घाला, घर्षण कोरड्या रुळाचं, ०.४. गाडी जास्त वेगात सोडून आडवा धक्का द्या, ती डोलू लागली की पुढचा रूळ निर्दोष ठेवून वेग हळूहळू उतरवा. डोलणं ज्या वेगाला विझतं तो खरा क्रांतिक वेग. खालून वर चढत गेलात तर आकडा फसवा, जास्तीचा येतो. छोट्या धक्क्याला स्थिर असलेली बोगी मोठ्या धक्क्याला तशी राहीलच असं नाही.

सगळ्यात जास्त चुका यॉ डँपरमध्ये होतात. हा डब्याखाली बोगीचं डावं-उजवं वळणं रोखणारा शोषक. त्याच्या दोन्ही टोकांना रबरी बुश (जोडावरची कडी) असतात. हंटिंगमध्ये डँपरचा दांडा जेमतेम काही मिलिमीटर हलतो. बुश मऊ असेल तर तेवढी हालचाल रबरच पिऊन टाकतं आणि डँपर नुसता लटकून राहतो. मॉडेलमध्ये बुशची स्प्रिंग डँपरशी एकापुढे एक जोडली नाही तर कागदावर गाडी स्थिर, रुळावर डोलती.

प्रायमरी सस्पेन्शन, म्हणजे चाकजोडी आणि बोगीमधल्या स्प्रिंगा, लांबीच्या दिशेने कडक केलं तरी स्थिरता वाढते. पण मग खंडाळ्याच्या वळणांवर चाकजोडी वळत नाही, फ्लँज, म्हणजे चाकाची आतली उंच कड, रुळाला घासते. आमच्या मते आधी बुश, मग डँपर; प्रायमरीला सगळ्यात शेवटी हात लावावा, आणि लावल्यावर घाटातल्या वळणांचं गणित पुन्हा चालवावं.