रिबच्या मुळाशी केसाएवढी रेघ

फोर्जिंगच्या, म्हणजे तापवलेला धातू डायमध्ये (साच्यात) दाबून घडवलेल्या भागांच्या, पहिल्या लॉटमधला एक नग कट-अपला, म्हणजे कापून आतून तपासायला, घेतला. ७०७५ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचं विमानाच्या पंखाचं फिटिंग: मधे पातळ सपाट वेब, दोन्ही कडांना रिब, म्हणजे उभ्या भिंती. मापं बरोबर होती, अल्ट्रासॉनिक तपासणीही पास. रिबच्या गोलाईत प्रोब नीट बसत नाही, म्हणूनच कट-अप टाळता येत नाही.

कापलेली चकती ७० अंशांच्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून काळीकुट्ट निघाली. नायट्रिक ॲसिडमध्ये बुडवल्यावर उजळली आणि ग्रेन फ्लो, म्हणजे धातू कसा वाहिला ते दाखवणाऱ्या रेषा, उघडा पडला. रेषा वेबमधून येऊन रिबमध्ये वर वळायला हव्यात. एका बाजूला त्या रिबच्या खालून थेट फ्लॅशकडे (डायच्या फटीतून बाहेर येणाऱ्या जादा मालाकडे) गेल्या होत्या आणि मुळाशी केसाएवढी काळी रेघ होती. फ्लो-थ्रू!

वेबमध्ये माल जास्त झाला होता. रिब भरली तरी डाय पूर्ण मिटायची होती, म्हणून उरलेला माल रिबच्या खालून वाट काढत बाहेर पडला आणि जाताना रिबचं मूळ कातरून गेला. इथे प्रेसचा जोर वाढवला तर दोष बळावतो.

जोर लागतो तो क्षेत्रफळासाठी. जर्मनांच्या प्रचंड प्रेस पाहून अमेरिकेनं १९५० मध्ये हेवी प्रेस कार्यक्रम हाती घेतला. दहा प्रेस उभ्या राहिल्या, त्यातली एक ३५,००० आणि एक ५०,००० टनी अशा दोन प्रेस नॉर्थ ग्राफ्टनला वायमन-गॉर्डनकडे आल्या. १८८३ची ही कंपनी क्रँकशाफ्टसाठी नावाजलेली, पण जेट इंजिनात क्रँकशाफ्टच नसतो! तिची युद्धानंतरची वाढ झाली ती जेटच्या डिस्क आणि विमानाच्या सांगाड्याचे मोठे भाग घडवून. प्रेस सरकारच्या, चालवायची कंपनी. १९८२ मध्ये तिनं तो कारखाना विकत घेतला. चौरस इंचाला २५ टन धरले तर ५०,००० टनांत २,००० चौरस इंचांचा भाग एकाच तुकड्यात निघतो, जोड-रिव्हेटशिवाय. पण एवढ्या आकारात माल कुठून कुठे वाहतो हे आधी ब्लॉकर डायमध्येच, म्हणजे शेवटच्या डायआधी ढोबळ आकार देणाऱ्या डायमध्येच, ठरवावं लागतं. माझ्या मते फोर्जिंगचं खरं कसब तिथेच आहे.

आम्हीही ब्लॉकरच बदलला. वेबमधला माल कमी करून रिबकडे सरकवला, रिबच्या मुळाची गोलाई (फिलेट) ६ मिमीवरून १२ केली आणि मशिनिंगमध्ये निघून जाणाऱ्या वेबच्या मध्यभागी जादा मालासाठी खळगा ठेवला. बिलेट (घडवायचा धातूचा ठोकळा) ४२० अंशांवर, डायही तापवलेल्या, रॅम (प्रेसचा दाबणारा भाग) सावकाश.

नव्या चकतीत रेषा रिबमध्ये वळल्या होत्या. जुना लॉट मात्र सगळा स्क्रॅप केला. रेघ मुळाशी असल्यानं मशिनिंगनं ती निघाली नसती.