फरशीच्या फटीतला पारा

१९८९ साली, नववीत असताना, माझ्या हातून प्रयोगशाळेतली तापमापी फुटली. चंदेरी थेंब ओट्यावरून घरंगळत शहाबादी फरशीवर पसरले. घाबरून मी त्यावर चप्पल ठेवली. शेजारचा मुलगा केरसुणीकडे धावला, तेवढ्यात सर दारातूनच ओरडले, "झाडू नका!"

आता मार बसणार, असं वाटलं. सरांनी आधी पंखा बंद केला, खिडक्या सताड उघडल्या, सगळ्यांना व्हरांड्यात पाठवलं. मग बोटातली अंगठी काढून खिशात टाकली. पारा सोन्याला धरतो, हे मला त्या दिवशी कळलं. हातांवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या चढवून त्यांनी दोन पोस्टकार्डांनी थेंब हळूहळू एकत्र लोटले. जवळ आले की ते पटकन एकमेकांत मिसळत. बारीक कण मात्र दिसेनात. तेव्हा सरांनी बॅटरी फरशीलगत आडवी धरली आणि फटीफटीतून कण लुकलुकायला लागले! ते ड्रॉपरने ओढले. जे निघेना त्यावर गंधकाची पूड टाकली. पारा, काच, पोस्टकार्डं, ड्रॉपर, सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत गेलं. वर चिठ्ठी: 'पारा. मोरीत ओतू नये.' खाली तारीख. माझ्या चपलाही पिशवीत बांधून ठेवल्या. घरी अनवाणी गेलो.

"झाडलं असतं तर एका थेंबाचे शंभर झाले असते," सर म्हणाले. "वाफ दिसत नाही, वासही येत नाही. तू चप्पल ठेवलीस ते लपवायला. फुटलं की आधी सांगायचं."

आज मी औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करतो. आम्ल सांडलं तर सोडा कडेकडून आत टाकत यायचा, फेस थांबेपर्यंत. क्लोरीन असलेली द्रावणं वेगळ्या डब्यात. आणि चिठ्ठी नसलेली बाटली मी कुणालाही उघडू देत नाही, कारण तिच्यात काय आहे हे न कळता तिची विल्हेवाट लावताच येत नाही. नव्या मुलांना पहिल्या दिवशी मी चपलेची गोष्ट सांगतो.

जपानमधल्या मिनामाताला माशांतून पारा माणसांच्या मेंदूपर्यंत पोचला. तो आजार १९५६ मध्ये उघडकीला आला. पाऱ्याला आळा घालणारा, त्या गावाच्या नावाचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ पासून लागू आहे. आपल्या शाळेच्या कपाटात पाऱ्याच्या तापमाप्या अजून असतील तर त्या बदलून लाल अल्कोहोलच्या घ्याव्यात. पाणी उकळण्याच्या प्रयोगाला ११० अंशांपर्यंतच्या पुरतात. पन्नास तापमाप्या मी देतो. जुन्या मात्र कचऱ्यात टाकू नका, मी स्वतः येऊन बांधून नेईन आणि घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात पोचवीन.