पाचवं दार

दुपारची वेळ. एक माणूस छोट्या गाडीच्या डिकीत कमरेपर्यंत वाकून कोपऱ्यात सरकलेली पिशवी ओढतोय. वर केलेलं दार आधी बोटभर, मग वीतभर खाली येतं आणि अलगद त्याच्या पाठीवर टेकतं. एका हाताने तो ते वर ढकलतो, दुसऱ्याने पिशवी ओढतो आणि तिसरा हात नसल्याबद्दल काहीतरी पुटपुटतो.

काही वर्षं वापरलेल्या हॅचबॅकमागे, म्हणजे मागे वर उघडणारं पाचवं दार असलेल्या गाडीमागे, हे दृश्य कधी ना कधी दिसतंच. दाराच्या दोन्ही बाजूंना ज्या गॅसच्या दांड्या असतात, त्यांच्यात दाबून भरलेला नायट्रोजन सीलमधून थोडा थोडा निसटत राहतो. गारठ्यात गॅसचा दाब आणखी उतरतो. म्हणून पहाटे दार खाली येत असेल तर अजून काही दिवस निभतील. भर उन्हात येत असेल तर दांड्या संपल्या. त्या जोडीनेच बदलायच्या, नाहीतर नवी एका बाजूने रेटते आणि दार तिरकं बसायला लागतं. दाराला काठीचा टेकू द्यायचा, टोकाच्या गोळीवरची तारेची क्लिप बारीक स्क्रूड्रायव्हरने सैल करायची, दांडी खेचली की सुटते. नवी बसवताना दार मिटल्यावर तिची बारीक बाजू खाली राहील हे बघायचं, म्हणजे आतलं तेल सीलवर टिकतं. दहा-पंधरा मिनिटांचं काम. पण लोक त्याऐवजी वर्षानुवर्षं पाठ देतात.

गाडी पारखायला आलेला माणूस हमखास बॉनेट उघडायला लावतो आणि आत बघून गंभीरपणे मान डोलावतो. हल्ली इंजिनावर प्लॅस्टिकचं झाकण असतं, त्यामुळे तो नेमकी कशाला मान डोलावतो ते त्यालाच माहीत. माझ्या मते छोटी गाडी मागून पारखावी. पुढे जे काही कोंबलेलं असतं, ते मागे जागा उरावी म्हणूनच कोंबलेलं असतं.

१९५९च्या मिनीत इंजिन आडवं टाकलं आणि गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली, त्याच तेलात बुडवला. गाडी जेमतेम तीन मीटरची, चाकं दहा इंची, तरी आत चार माणसं बसत. १९६४च्या ऑटोबियांकी प्रिमुला या इटालियन गाडीत गिअरबॉक्स इंजिनाच्या टोकाला नेला, आणि आजच्या बहुतेक छोट्या हॅचबॅक त्याच वाटेने जातात. गंमत म्हणजे मूळ मिनीला मागचं दार नव्हतंच, खाली पडणारं एवढंसं झाकण होतं. वर उघडणारं उभं दार आणि सपाट जमीन १९६१च्या रेनो ४ने दिली. जमीन सपाट राहावी म्हणून मागच्या दोन चाकांचे पिळाचे दांडे (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे) तिच्याखाली आडवे, एकामागे एक टाकले. परिणामी एका बाजूच्या दोन चाकांमधलं अंतर दुसऱ्या बाजूपेक्षा जवळजवळ पाच सेंटिमीटर जास्त! सामान नीट मावावं म्हणून चाकं पुढेमागे करणारी ही जात.

डिकीचे लिटर मात्र वाचू नयेत. छोट्या हॅचबॅकला साधारण २०० ते ३०० लिटर लिहिलेले असतात, पण बॅग लिटरमध्ये भरत नाही. घरातली सगळ्यात मोठी बॅग सोबत न्यावी आणि ती आडवी बसते का, की उभी करून तिरकी घालावी लागते, ते प्रत्यक्ष बघावं. दोन चाकांच्या कमानींमधली रुंदी बघावी. आणि उंबरा बघावा. डिकीचा उंबरा उंच असला की गाडीचं मागचं अंग भक्कम राहतं, पण जड बॅग आधी छातीपर्यंत उचलून मग आत उतरवावी लागते, आणि काढताना तर विहिरीतून बादली काढल्यासारखी. मागची सीट अखंड दुमडणारी असेल तर एका लांब वस्तूसाठी मागचे सगळे प्रवासी उतरवावे लागतात. ६०:४० दुमडणारी असेल तर निदान एकाची सोय होते, फार तर दोघांची.

वरची फळी, ती दोन दोऱ्यांनी दाराला लटकलेली, हा स्वतंत्र विषय आहे. तिच्या खुंट्या झिजल्या की खडबडीत रस्त्यावर ती वाजते आणि लोक सस्पेन्शन गेलं म्हणून गॅरेज गाठतात. आधी फळी काढून घरी ठेवावी आणि एक चक्कर मारावी. आवाज गेला तर खुंट्यांना फेल्टची पट्टी गुंडाळावी. तिच्यावर मात्र काही ठेवू नये. करकचून ब्रेक लागला की पाण्याची भरलेली बाटलीसुद्धा गाडीच्याच वेगाने पुढे येते.

मग ती काच. लांब शेपटीच्या सेडानला मागे वायपर क्वचितच लागतो, हॅचबॅकचं त्याशिवाय चालत नाही. छतावरून आलेली हवा उभ्या काचेवरून सरळ खाली उतरू शकत नाही. ती सुटते आणि गाडीमागे कमी दाबाचा भोवरा तयार होतो. चाकांनी उडवलेली धूळ आणि चिखलपाणी तो भोवरा उचलून काचेवर आणून लावतो. म्हणून धुतलेल्या हॅचबॅकची मागची काच सगळ्यात आधी मळते. स्वस्त मॉडेलमधून कंपनी नेमका हाच वायपर काढून घेते.

हा वायपर एक दिवस चालेनासा झाला की मोटर जळाली असं कुणीही सांगेल. मोटर बदलण्याआधी छप्पर आणि दार यांच्यामधली रबरी नळी सरकवून बघावी. दाराच्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात आणि दाराच्या प्रत्येक उघडझापीला वाकतात. काही हजार वेळा वाकल्या की आतलं तांबं तुटतं, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. वायपर, नंबरप्लेटचा दिवा, काचेची धुकं घालवणारी जाळी आणि डिकीचं कुलूप यांतल्या दोन गोष्टी एकदम रुसल्या, की शंका त्याच नळीवर घ्यायची. नुसता टेप गुंडाळून भागत नाही. थोडी लांब मऊ वायर जोडून डाग द्यावा लागतो, नाहीतर शेजारीच पुन्हा तुटते.

डिकी आणि माणसं एकाच खोलीत राहतात, हे या गाडीचं सुख आणि तेच दुखणं. मागच्या चाकांची घरघर थेट कानात येते. दुपारी तापलेल्या गाडीत एसीला डिकीसुद्धा गार करावी लागते. डिकीत काही सांडलं तर ते महिनाभर सगळ्यांच्या नाकात राहतं.

टायरचं गणित त्या मानाने सोपं. १६५/८० आर १४ म्हणजे टायर १६५ मिलिमीटर रुंद आणि त्याची भिंत त्याच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. तीच गाडी वरच्या मॉडेलमध्ये १८५/६५ आर १५वर येते. भिंत १२० मिलिमीटर, चाकाचा एकूण व्यास जवळजवळ तितकाच. वळणावर दुसरी जास्त चिकटून जाते आणि दिसते झोकदार, पण खड्ड्यात पहिली बरी. जाड भिंत म्हणजे फुकटचं सस्पेन्शन.

खरं सस्पेन्शन मागे बहुधा एका आडव्या तुळईचं असतं. ती जागा कमी खाते, म्हणूनच डिकी सपाट मिळते. मात्र एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही खबर लागते. शिवाय स्प्रिंगा भरल्या गाडीच्या हिशेबाने घातलेल्या, त्यामुळे एकटा माणूस बसला की मागचं अंग उडतं. चाचणीला एकट्याने जाऊन ‘गाडी कडक आहे’ म्हणणाऱ्याने अर्धीच चाचणी घेतलेली असते.

गाडीचं वजन ८५० किलो आणि ताकद ६५ अश्वशक्ती धरा. रिकाम्या गाडीत टनामागे ७६ अश्वशक्ती पडतात. पाच माणसं आणि बॅगा मिळून ४०० किलो चढले की उरतात ५२. वर एसी आपला वाटा घेतोच. चढावर चौथ्यात पाय दाबून इंजिन कण्हत असेल तर दोष त्याचा नाही, तिसरा टाकायला हवा होता. सगळं बिऱ्हाड बसवून, एसी लावून, चढावर थांबून पुन्हा निघून बघावं. छोट्या गाडीची परीक्षा तिथेच होते. तीन सिलिंडरचं इंजिन उभ्या गाडीत थोडं थरथरणारच, कारण त्याची दोन टोकं आलटूनपालटून वरखाली डुलतात. थरथर स्टिअरिंगपर्यंत आली तरी हरकत नाही. आरसा धूसर दिसायला लागला आणि एसी बंद करताच स्थिर झाला, तर मात्र इंजिनाची रबरी माउंटिंगं बघून घ्यावीत.

यू-टर्न, चिंचोळी गल्ली, एवढ्याशा फटीतलं पार्किंग यांत ही गाडी उजवीच. त्याबद्दल वेगळं काय सांगायचं.

आणि मागची मधली जागा. खाली बोगद्याचा उंचवटा, पाठीला पट्ट्याचं बक्कल, डोक्याला आधार नाही, आणि दोन्ही बाजूंनी मोठ्यांचे कोपर. तिथे घरातलं सगळ्यात धाकटं पोर बसतं, असा सगळ्या घरांचा न लिहिलेला कायदा आहे. समोरचा रस्ता मात्र त्यालाच सरळ दिसतो. खिडकीशी बसलेल्यांची काच मागच्या चाकाच्या कमानीमुळे पुरती खाली जातही नाही. त्या पोराला तीन बिंदूंचा, म्हणजे खांद्यावरूनही येणारा, पट्टा आहे की नुसता कमरेचा, हे विकत घेताना फार थोडे लोक बघतात.

बघायला हवं, कारण वजनाचा हिशेब कुणाला चुकत नाही. ९०० किलोची गाडी आणि १,८०० किलोची गाडी समोरासमोर धडकल्या तर हलक्या गाडीच्या वेगातला बदल जडीच्या दुप्पट असतो. समोरच्या धडकेच्या चाचणीतले तारे साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांची तुलना करायला असतात. छोट्या गाडीचे पाच तारे मोठीच्या पाचांशी लावू नयेत. आणि मागून धडक बसली तर चुरगळायला जागा असते ती डिकीएवढीच.

डिकी पारखून झाली, दार दोनदा आपटून झालं, की मागच्या सीटवर बसावं, मान टेकवावी, एक हात डोक्यामागे नेऊन काच कुठे लागते ते चाचपावं. काही गाड्यांत वीतभर अंतर भरतं. काहींत तेवढंही नाही.